मालिका अर्ध्यावर सोडून जाऊ नका

आदरणीय ताई,

मी दूरचित्रवाणी मालिकांसाठी कंटिन्युइटीचे, म्हणजे स्क्रिप्ट सुपरवायझरचे काम करते: वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या शॉटमध्ये कपडे, वस्तू, हालचाली जुळतात ना, याच्या नोंदी ठेवते. या कामाला अकरा वर्षे झाली. पहिली सहा वर्षे मी मायदेशी काम केले. मुलगी चार वर्षांची असताना आम्ही ब्रिटनला आलो. इथे पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करून पाच वर्षांत मी स्वतंत्रपणे मालिका सांभाळण्यापर्यंत पोहोचले. आता यजमानांची कंपनी त्यांना अमेरिकेला पाठवते आहे. चार महिन्यांत निघायचे आहे आणि माझ्या सध्याच्या मालिकेचे चित्रीकरण संपायला सहा महिने आहेत. मी राजीनामा देणार, हे घरात सगळ्यांनी गृहीतच धरले आहे. तिकडे आमच्या ओळखीचे कोणी नाही. एका परिचितांनी सुचवले की एखाद्या मोठ्या युनिटमध्ये प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून शिरावे, मग वर चढता येईल. कधी वाटते, हे क्षेत्रच सोडावे. श्रेयनामावलीत माझे नाव इतक्या झपाट्याने सरकते की मुलीला ते वाचून होत नाही. ती विचारते, ‘आई, तू तिथे नक्की काय करतेस?’ तिला काय सांगावे, हेही आता सुचत नाही.

– एक वाचक

प्रिय मैत्रीण,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. राजीनाम्याची गोष्ट तुम्ही एका वाक्यात उरकली आहे, पण माझ्या मते सगळे तिथेच अडले आहे, म्हणून उत्तराची सुरुवात मी तिथूनच करते. ही मालिका पूर्ण करा. यजमानांना आधी जावे लागले तर त्यांनी जावे, दोन महिने दोन घरे सांभाळावी लागली तर तीही सांभाळावीत, पण शेवटच्या दिवशी पॅकअपची हाक उठेल तेव्हा तुम्ही तुमच्या खुर्चीत असायला हव्यात.

हे इतक्या ठामपणे सांगते, कारण मी स्वतः एकदा नेमके याच्या उलट केले आहे. एक मालिका नवव्या आठवड्यात सोडून मी दुसऱ्या देशात गेले. माझ्या जागी आलेल्या मुलीला एका दुपारी सगळ्या फायली समजावून दिल्या आणि आपली जबाबदारी नीट पार पडली, अशा समाधानात मी विमानात बसले. त्या मालिकेत एक साधा प्रसंग होता. नायिका रस्त्यावरून चालत येते, दार उघडते आणि घरात शिरते. रस्त्याचा भाग दुसऱ्या आठवड्यात बाह्यचित्रीकरणात घेतलेला होता आणि दाराच्या आतला भाग मी गेल्यानंतर स्टुडिओतल्या सेटवर व्हायचा होता. माझ्या फायलीत नायिकेचा फोटो होता: कोटाची वरची दोन बटणे लावलेली, पिशवी डाव्या खांद्यावर. तो फोटो पहिल्या टेकच्या आधी काढलेला होता. दिग्दर्शकांनी पसंत केलेला टेक मात्र चौथा होता, आणि त्या टेकमध्ये किल्ली काढताना तिने पिशवी उजव्या खांद्यावर घेतली होती. मला हे पक्के ठाऊक होते, पण कागदावर उतरवायचे राहून गेले होते. आतल्या सर्व शॉटमध्ये पिशवी डाव्या खांद्यावरच राहिली आणि संकलकाला तो प्रवेश मध्येच तोडून थेट चेहऱ्याच्या जवळच्या शॉटवर यावे लागले. प्रेक्षकांच्या ते लक्षात आले नाही, निर्मात्यांच्या आले. वर्षभराने नव्या देशातल्या एका कंपनीने माझ्याविषयी विचारण्यासाठी त्यांना फोन केला, तेव्हा त्यांनी माझ्याबद्दल वाईट असे काहीच सांगितले नाही. ‘काम चांगले करते, पण मध्येच सोडून गेली,’ एवढेच ते म्हणाले, आणि ते खरे होते. ते काम मला मिळाले नाही.

छायाचित्रकाराला आपल्या कामाची चित्रफीत दाखवता येते, वेशभूषाकाराला फोटो दाखवता येतात. कंटिन्युइटीचे काम उत्तम झाले, तर दाखवण्यासारखे काही उरतच नाही. म्हणून तुमची पत ठरते ती तुमच्याबरोबर काम केलेली माणसे फोनवर काय बोलतात यावरून, आणि माणसे बहुधा शेवटच्या कामाविषयीच बोलतात. मालिका पूर्ण करून निघालात, तर त्या युनिटमधली किमान तीन माणसे तुमच्यासाठी मनापासून शब्द टाकतील. त्यांत मी संकलकाला पहिले स्थान देईन. दिग्दर्शक तुमच्याविषयी जिव्हाळ्याने बोलतील, पहिले सहायक दिग्दर्शक तुमच्या वक्तशीरपणाविषयी बोलतील, पण तुमच्या नोंदींवर विसंबून आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत बसलेला माणूस संकलक असतो, आणि अमेरिकेतल्या निर्मात्याला त्याचे मत सर्वांत मोलाचे वाटेल. ही शिफारस पॅकअपनंतर महिन्याभराने ईमेल पाठवून मागू नका. शेवटच्या आठवड्यात, कामाची आठवण ताजी असताना, प्रत्यक्ष भेटून मागा, आणि आपल्यासाठी कोणी फोन केला तर चालेल ना, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

आता चार आणि सहा महिन्यांमधल्या अंतराविषयी. बदलीची तारीख कंपनी ठरवते हे खरे, पण ती पुढे ढकलण्याची विनंती करता येते. पत्नीचा करार अमुक तारखेपर्यंत आहे, ही अडचण यजमानांनी लेखी मांडायला हवी. ती त्यांनीच मांडायची आहे, आणि तुम्हाला तसे त्यांना सांगावे लागेल. तारीख हललीच नाही, तर मुलीने कोणाजवळ राहायचे ते तिच्या शाळेच्या सत्रावरून ठरवा. मात्र त्याआधी एक गोष्ट जाणकार वकिलाकडून तपासून घ्या: तुमचा ब्रिटनमधला राहण्याचा परवाना यजमानांच्या परवान्यावर अवलंबून असेल, तर त्यांनी इथली नोकरी सोडून देशाबाहेर गेल्यानंतर तुम्हाला इथे राहून काम करता येईल का. याचे उत्तर मिळाल्याशिवाय त्यांनी विमानाचे तिकीट काढू नये.

अमेरिकेच्या बाजूचा तसाच एक प्रश्न तुमच्या पुढच्या दोन-तीन वर्षांचा निकाल लावणारा आहे, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही, याचे मला आश्चर्य वाटले. यजमान कोणत्या व्हिसावर जात आहेत? कंपनीअंतर्गत बदलीसाठीचा एल-१ व्हिसा असेल, तर त्यांच्या जोडीदाराला, म्हणजे तुम्हाला, एल-२ दर्जा मिळतो, आणि नोव्हेंबर २०२१ पासून एल-२ वरच्या जोडीदारांना काम करण्याचा अधिकार त्या दर्जाबरोबरच मिळतो, वेगळा परवाना येण्याची वाट पाहावी लागत नाही. हे काम एकाच मालकाशी बांधलेले नसते, त्यामुळे आज या निर्मितीत तर उद्या त्या निर्मितीत, असे आपल्या क्षेत्राला साजेसे काम तुम्हाला मोकळेपणाने करता येईल. एच-१बी असेल, तर तुम्ही एच-४ वर जाल, आणि त्या दर्जावर बहुतेक जोडीदारांना काम करता येत नाही. ज्यांच्या जोडीदाराचा कायम वास्तव्याचा अर्ज ठराविक टप्प्यापर्यंत पोहोचला आहे, अशांनाच तिथे कामाचा परवाना मागता येतो. स्वतःच्या नावावर ओ-१ व्हिसा मिळवणे हा तिसरा मार्ग आहे, पण चित्रपट आणि दूरचित्रवाणीसाठी त्याला असाधारण कामगिरीचे पुरावे लागतात, शिवाय कामगार संघटना आणि व्यवस्थापनाची संस्था अशा दोन्हींचे अभिप्राय जोडावे लागतात. नव्याने जाणाऱ्या व्यक्तीने त्यावर भिस्त ठेवू नये. कंपनीपुढे दोन्ही पर्याय खुले असतील, तर तुमच्या दृष्टीने एल-१ आणि एच-१बी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे यजमानांना आजच सांगा.

प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून शिरण्याचा सल्ला तुम्हाला चांगल्या हेतूने दिला गेला असेल, पण मला तो अजिबात पटत नाही. मोठ्या युनिटमध्ये खालच्या खुर्चीवर बसण्यापेक्षा लहान युनिटमध्ये स्वतःच्या खुर्चीवर बसा. लघुपट, जाहिरातपट, वेबसाठीच्या लहान मालिका, यांपैकी कोणत्याही ठिकाणी स्क्रिप्ट सुपरवायझर म्हणूनच उभ्या राहा. सेटवर माणसाची पहिली ओळख ज्या पदावर होते, तेच पद त्याला चिकटते. ज्यांनी तुम्हाला वॉकीटॉकी घेऊन रस्ता अडवताना पाहिले, त्यांना दोन वर्षांनी तुमच्या हाती संहिता सोपवावी असे सहजी वाटणार नाही.

शिवाय या पदनामातच एक मोठा घोटाळा आहे. ब्रिटनमध्ये अनेक कॅमेऱ्यांच्या स्टुडिओ कार्यक्रमात प्रॉडक्शन असिस्टंट म्हणजे नियंत्रण कक्षात बसून सेकंद मोजणारी आणि शॉटचे क्रमांक पुकारणारी जबाबदार व्यक्ती, अशी कित्येक वर्षांची रूढी होती. अमेरिकेत प्रॉडक्शन असिस्टंट म्हणजे ब्रिटिश लोक ज्याला रनर म्हणतात तो, सेटवरचा सर्वांत नवा माणूस. स्टुडिओत सेकंद मोजण्याचे काम तिथे असोसिएट डायरेक्टर करतो. तुमच्या सुरुवातीच्या वर्षांत असे काही पद तुमच्या नावापुढे असेल, तर परिचयपत्रात ते जसेच्या तसे ठेवू नका, प्रत्यक्षात काय काम केले ते लिहा. व्हिजन मिक्सरला, म्हणजे स्टुडिओत एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर चित्र बदलणाऱ्याला, तिथे टेक्निकल डायरेक्टर म्हणतात, कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा फोकस पुलर हा फर्स्ट असिस्टंट कॅमेरा होतो, रशेसचे, म्हणजे दिवसभराच्या कच्च्या चित्रीकरणाचे, डेलीज होतात, आणि तुम्ही ज्याला ‘दुसरी सीरीज’ म्हणता तो तिथे ‘दुसरा सीझन’ असतो. ग्रिप हा शब्द दोन्हीकडे आहे म्हणून फसू नका: ब्रिटनमध्ये ग्रिप कॅमेऱ्याच्या गाड्या, रूळ आणि आधार सांभाळतो, अमेरिकेत त्याशिवाय प्रकाश अडवणे आणि मऊ करणे हेही त्याच्या खात्याकडे असते. तुमचे कौशल्य शाबूत आहे, बदलणार आहे ती ही बोली, आणि ती काही आठवड्यांत अंगवळणी पडते. तुम्ही हे एकदा करून दाखवलेले आहे.

तुमच्या स्वतःच्या कामात सर्वांत आधी बदलेल ती क्लॅपवरची, म्हणजे शॉटच्या आरंभी कॅमेऱ्यापुढे धरतात त्या स्लेटवरची, संख्या. ब्रिटिश पद्धतीत प्रसंग कोणताही असो, स्लेटचे क्रमांक पहिल्या दिवसापासून ओळीने पुढे जातात, म्हणजे १४६ नंतर १४७. अमेरिकन पद्धतीत प्रसंगाचा क्रमांकच स्लेटवर येतो: चोविसाव्या प्रसंगाचा पहिला सेटअप (कॅमेऱ्याची एक मांडणी) २४, पुढचा २४ए, मग २४बी, आणि आय व ओ ही अक्षरे वगळली जातात, कारण घाईत ती एक आणि शून्य म्हणून वाचली जातात. तिथे पुढचे अक्षर कोणते हे कॅमेरा विभाग तुम्हालाच विचारतो, आणि पहिल्या दिवशी तुम्ही क्षणभर अडखळलात तर ते सगळ्या युनिटला दिसते. जाण्यापूर्वी आपल्याच जुन्या मालिकेचे दोन दिवसांचे चित्रीकरण अमेरिकन क्रमांकांनी पुन्हा लिहून काढा, हात बसेल. तारखेचाही असाच फेर आहे: तुमचा ४/७ म्हणजे चार जुलै, त्यांचा ४/७ म्हणजे सात एप्रिल. नोंदींमध्ये महिना अक्षरांत लिहिण्याची सवय आतापासूनच लावून घ्या.

टाइमकोडमध्ये, म्हणजे चित्राच्या प्रत्येक चौकटीला (फ्रेमला) मिळणाऱ्या वेळेच्या क्रमांकात, तुम्ही सेकंदाला २५ चौकटींच्या जगातून निघत आहात, जिथे घड्याळ आणि चौकटींचा हिशेब सरळ जुळतो. अमेरिकेत मालिका बहुधा सेकंदाला २३.९७६ चौकटींनी चित्रित होतात आणि प्रक्षेपण २९.९७ चे असते. (हा विचित्र आकडा १९५३ साली जुन्या कृष्णधवल संचांना चालेल असा रंगीत संकेत बसवताना आला आणि तिथेच राहिला.) त्यामुळे स्टुडिओ कार्यक्रमांत ड्रॉप-फ्रेम टाइमकोड भेटेल: दर मिनिटाच्या आरंभी दोन क्रमांक गाळले जातात, दर दहाव्या मिनिटाला मात्र गाळले जात नाहीत. गळतात ते आकडे, चित्राची चौकट एकही जात नाही. हे केले नाही, तर तासाभरात टाइमकोड घड्याळापेक्षा साडेतीन सेकंदांहून थोडा अधिक मागे पडतो. संहितेची वेळ काढतानाही जपा. बीबीसीवर जाहिराती नसल्यामुळे तासाची मालिका जवळजवळ तासभर चालते, अमेरिकेतल्या जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिन्यांवर त्याच तासात साधारण ४२ ते ४४ मिनिटांचे नाटक बसवावे लागते.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच वाचली जाते, आणि ती म्हणजे तुम्ही संहितेवर ओढलेल्या रेघा. पात्र संवाद बोलताना त्या शॉटमध्ये दिसत असेल तिथे उभी सरळ रेघ, आवाज येतो पण पात्र दिसत नाही तिथे नागमोडी. नव्या निर्मात्यापुढे ठेवायला माझ्या मते यापेक्षा चांगला पुरावा नाही. पण चालू किंवा जुन्या मालिकेची पाने दाखवू नका, गोपनीयतेच्या करारावर तुमची सही आहे, आणि जी दुसऱ्याची पाने आपल्याला दाखवते ती आपलीही उद्या दाखवील, असे समोरच्याला वाटेल. स्वतः दोन पानांचा प्रसंग लिहा, घरच्या घरी फोनवर तीन-चार सेटअपमध्ये चित्रित करा, आणि त्याची रेघा ओढलेली पाने, टेकच्या नोंदी, फोटो, सगळे पूर्ण तयार करा, क्रमांक अमेरिकन पद्धतीने द्या. प्रसंगात एकच पात्र पाण्याचा पेला उचलून बोलते, एवढे पुरे. पेल्यातले पाणी कोणत्या शब्दावर किती होते, कोणत्या हातात होता, हे ज्याच्या नोंदीत नेमके येते, त्याचा कस जाणकाराला लगेच दिसतो.

हे चित्रीकरण मुलीला घेऊन करा. तिला पेला धरून बोलायला सांगा, दुसऱ्या सेटअपमध्ये पुन्हा तेच करायला सांगा, आणि मग दोन्ही तुकडे जोडून दाखवा. बहुधा पेला दुसऱ्या हातात गेलेला असेल, किंवा पाणी आपोआप वाढलेले असेल. तो सांधा तिच्या डोळ्यांना खटकला की तिच्या प्रश्नाचे उत्तर तिला मिळेल. श्रेयनामावलीचे म्हणाल, तर पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात दाखवण्यासाठी वाहिन्या ती लहान चौकटीत ढकलतात, हे दुःख आपल्या सर्वांचे आहे, आणि मला ते आजही लागते. तरी प्रत्येक भागाची श्रेयनामावली थांबवून तिचे चित्र जपून ठेवा. व्हिसापासून संघटनेपर्यंत कुठेही ती पुरावा म्हणून लागू शकते.

संघटनेचा विषय निघालाच आहे, तर दोन शब्द. ब्रिटनमध्ये बेक्टू आहे, अमेरिकेत पडद्यामागच्या कामगारांची मोठी संघटना म्हणजे १८९३ साली स्थापन झालेली आयॅट्सी, आणि लॉस एंजलिसच्या परिसरातल्या स्क्रिप्ट सुपरवायझर तिच्या ८७१ क्रमांकाच्या शाखेत येतात. मोठ्या मालिका बहुधा संघटनेच्या करारावर चालतात आणि तिथे शिरण्यासाठी आधी केलेल्या कामाचे दिवस दाखवावे लागतात, म्हणून पहिल्या लहान कामापासून कॉल शीट (रोजच्या चित्रीकरणाचे वेळापत्रक), पगारपत्रके आणि करार सांभाळून ठेवा.

कामाच्या तासांबाबत मात्र मला तुमची काळजी वाटते. ब्रिटनमध्ये दोन दिवसांच्या कामामध्ये सलग ११ तासांची विश्रांती कायद्याने मिळते. अमेरिकेत प्रौढ कामगाराला अशी रोजची विश्रांती देणारा केंद्रीय कायदा नाही. २०२१ च्या कराराने संघटनेच्या कामांवर दोन दिवसांमध्ये १० तास आणि पाच दिवसांच्या आठवड्यानंतर ५४ तासांची विश्रांती मिळवून दिली, पण मी तुम्हाला ज्या लहान निर्मितींपासून सुरुवात करायला सांगते आहे, त्यांतल्या बऱ्याच या कराराबाहेर असतात. तिथे विश्रांतीचे तास तुमच्या स्वतःच्या करारात लिहून घ्या. चौदा तासांच्या दिवसानंतर स्वतः गाडी चालवत घरी जाण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये.

निवृत्तीवेतनाचे थोडक्यात सांगते. दोन्ही देशांमध्ये सामाजिक सुरक्षेचा करार आहे, त्यामुळे एका देशातले वर्गणीचे दिवस दुसऱ्या देशात पात्रता ठरवताना विचारात घेता येतात. निघण्यापूर्वी ब्रिटनमधल्या तुमच्या वर्गणीची अधिकृत नोंद काढून जवळ ठेवा.

राहिला क्षेत्र सोडण्याचा विचार. तो तुम्ही जरूर करू शकता, आणि केलात तर त्यात कमीपणा काही नाही. फक्त तो या चार महिन्यांत करू नका. तुम्ही दोन वेळा शून्यातून उभ्या राहिलात आणि दोन्ही वेळा घरातल्या दुसऱ्या कोणाला तसे करावे लागले नाही. तुमच्या पत्रातला थकवा मला या असमतोलाचा वाटतो. कामाचा कंटाळा त्यात मला कुठे दिसला नाही, कारण कामाविषयी लिहिताना तुमची वाक्ये ताठ आहेत. अमेरिकेत पोहोचल्यावर मुलीची नवी शाळा, घर, गाडी, डॉक्टर हे सगळे पहिल्या सहा महिन्यांत कोण उभे करणार, हे यजमानांशी आताच बोला. ते सारे पुन्हा तुमच्याच माथी येणार असेल, तर पहिल्या वर्षी काम मिळाले नाही याचा दोष तुम्ही स्वतःला द्याल, आणि तो तुमचा नसेल. हे बोलणे अवघड वाटत असेल, तर व्हिसाच्या प्रश्नापासून सुरुवात करा, कारण त्याला ठोस उत्तर आहे आणि ते यजमानांच्या कंपनीकडेच आहे. कागदपत्रे एकदा दाखल झाली की व्हिसाचा प्रकार बदलणे कठीण होऊन बसते, म्हणून ही चौकशी याच आठवड्यात व्हायला हवी, आणि तुमच्या निर्मात्यांना ‘मी शेवटपर्यंत आहे’ हे सांगण्याचे कामही त्याच आठवड्यात उरका.